आकड्यापेक्षा अक्षर मोठं

पोस्ट लांब आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी न वाचता खाली अंगठा देऊ नये, सरळ पुढं जावं.

जुन्या पांढुर्ण्याच्या आठवणी लिहायच्या म्हणून आपला हा ग्रुप. मागच्या आठवड्यात इथंच एका गृहस्थांनी मोठ्या अभिमानानं लिहिलं की त्यांनी पोराचे पोकेमॉनचे पत्ते चुलीत घातले. फोटोही टाकला. खाली 32 जणांनी "बरं केलं भाऊ" म्हटलं. कोणी म्हणे जुगाराची पहिली पायरी, कोणी म्हणे राक्षसांची चित्रं घरात नकोत. एका निवृत्त मास्तरांनी लिहिलं की आमच्या वेळी विटीदांडू होता, हे असले थेर नव्हते. मास्तर, आपल्या वेळी काय काय होतं ते मलाही ठाऊक आहे. त्यावर येतोच.

चुलीत नुसते पत्ते गेले नाहीत. त्या डब्यात एक चाळीस पानी वही होती. ती मी पाहिलेली होती, आणि फोटोत तिचा निळा पुठ्ठा अर्धा जळालेला दिसतो. ही पोस्ट त्या वहीसाठी आहे.

ते पोरगं आमच्याच गल्लीतलं, सहावीत. गेल्या दिवाळीत माझा नातू पुण्याहून आला तेव्हा त्याच्याकडं खरे पत्ते होते. या पोराकडं होते ते बाजारात डब्यात मिळतात तसले, सोनेरी प्लास्टिकचे, चकचकीत. आपल्याकडची बहुतेक पोरं त्यांच्यावर एकच खेळ खेळतात. पत्त्याच्या वरच्या कोपऱ्यात एचपी म्हणून आकडा असतो, म्हणजे त्या प्राण्यात जीव किती. दोघांनी एकेक पत्ता टाकायचा, ज्याचा आकडा मोठा त्यानं समोरच्याचा पत्ता न्यायचा. बस. जुन्या काळी पैलवानांच्या फोटोंचे पत्ते निघाले होते, त्यांवर पोरं वजन आणि उंची लढवायची, तीच गत. ज्याच्या बापानं जास्त पाकिटं घेऊन दिली तो जिंकणार, दुसरं काय होणार!

नातवानं पहिल्याच दिवशी त्याला हरवलं. पोरगं रडकुंडीला येऊन माझ्याकडं आलं, "आबाजी, हा चिटिंग करून राहिला. माह्या चारिझार्डचा एचपी 330 आहे, याच्या मिमिक्यूचा 70. तरी म्हणते मी जिंकलो."

मी म्हटलं, आण इकडं. चष्मा लावला. मिमिक्यूच्या पत्त्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की समोरच्याच्या 'ईएक्स' किंवा 'व्ही' प्रकारच्या पोकेमॉननं हल्ला केला तर या पोकेमॉनला होणारं सगळं डॅमेज अडवा. चारिझार्ड हा ईएक्स. म्हणजे 330 चा तो धूड जन्मभर आग ओकत बसला तरी 70 च्या या चिंधीच्या बाहुल्याला काही होत नाही. उलट मिमिक्यू दर हल्ल्याला त्याच्यावर 7 डॅमेज काउंटर ठेवतो, एकेक काउंटर 10 चा. पाच हल्ल्यांत चारिझार्ड आडवा.

पोरगं म्हणालं, "मंग 330 कायले लिहिलं?"

मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला परक्राम्य संलेख अधिनियम शिकलो, 1881 चा. त्याचं कलम 18 मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. चेकवर आकड्यात एक रक्कम आणि अक्षरात दुसरी असेल, तर अक्षरातली रक्कम धरायची. आकडा मोठा दिसतो, ठळक असतो, डोळ्यात भरतो. पण त्यात एक शून्य वाढवायला क्षणही लागत नाही. अक्षर लिहायला माणसाला थांबावं लागतं. म्हणून कायदा अक्षराच्या बाजूनं उभा राहतो. मी त्या पोराला तेवढंच सांगितलं, "बेटा, इथं अक्षर आकड्यापेक्षा मोठं आहे." त्या खेळाच्या नियमपुस्तकातही असंच आहे, पुस्तकातला नियम आणि पत्त्यावरचा मजकूर यांत विरोध आला तर पत्ता खरा. आम्ही बँकेत यालाच म्हणायचो, सर्वसाधारण परिपत्रक एकीकडं आणि त्या खात्याची विशेष मंजुरी एकीकडं.

दुसऱ्या दिवशी पोरगं वही घेऊन आलं. "आबाजी, 'प्रिव्हेंट' म्हंजे काय?" तिथून सुरू झालं ते नातू पुण्याला गेल्यावरही थांबलं नाही. नातवानं जाताना त्याला साठेक पत्ते ठेवून दिले होते. रोज संध्याकाळी पोरगं ओट्यावर यायचं, एका पत्त्याचा मजकूर वाचायचं, अडलेले शब्द विचारायचं आणि मराठीत उतरवायचं. 'डॅमेज'ला त्यानं शब्द लावला "मार". 'डॅमेज काउंटर'ला लावला "डाग". मी हसलो होतो. नंतर कळलं की त्या खेळातली निम्मी भांडणं या दोन शब्दांत आहेत आणि या पोरानं ती बरोबर पकडली होती.

हे सांगतोच, कारण यातच सगळा मुद्दा आहे. ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: दोघं समोरासमोर, प्रत्येकाचा एक प्राणी लढायला पुढं आणि पाचपर्यंत मागं बाकावर. ड्रॅगापल्ट ईएक्स म्हणून एक पत्ता आहे. त्याचा मोठा हल्ला समोरच्या पुढच्या प्राण्याला 200 चं डॅमेज करतो, आणि वर बाकावरच्या प्राण्यांवर 6 काउंटर हवे तसे वाटून ठेवतो. दुसरा एक पत्ता मॅनफी. तो बाकावर असला की बाकावरच्या आपल्या प्राण्यांना हल्ल्यानं होणारं डॅमेज अडतं. आता ड्रॅगापल्टचे ते 6 काउंटर मॅनफी अडवतो का?

पोरांच्या फौजेत यावर माझ्या ओट्यावर हातघाईची पाळी आली. सौंसरहून माझ्या पुतण्याचा मुलगा आला होता, तो म्हणे अडवतो, 60 चं डॅमेजच आहे ना ते. वहीवाला म्हणे, "नाही. तो मार नाही, डाग आहे." पहा आता. पत्त्यावर 'डॅमेज करा' लिहिलं असतं तर मॅनफीनं अडवलं असतं. तिथं लिहिलंय 'काउंटर ठेवा'. ठेवणं म्हणजे मारणं नव्हे. त्याला समोरच्या प्राण्याची कमजोरी लागून दुप्पटही होत नाही आणि मॅनफीची ढालही चालत नाही. मग सौंसरवाल्यानं खिशातून तिसरा पत्ता काढला, रॅब्स्का. त्यावर लिहिलं होतं की बाकावरच्यांना हल्ल्यांचं डॅमेज 'आणि हल्ल्यांचे परिणाम' दोन्ही अडवा. वहीवाला गप्प झाला. पुन्हा वाचलं. म्हणाला, "हा अडवते. यात 'आणि' आहे."

मंडळी, नोकरीच्या इतक्या वर्षांत किती तरी परिपत्रकं वाचली आणि वाचायला लावली. त्या 'आणि'साठी थांबणारे अधिकारी मला एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. व्याजमाफी झाली म्हणजे दंडव्याजही माफ झालं असं समजून शेतकऱ्याला घरी पाठवणारे मात्र पुष्कळ भेटले.

आणखी एक सांगतो, मग पुढं जातो. झोपलेल्या प्राण्याला त्या खेळात हल्ला करता येत नाही आणि माघारही घेता येत नाही, नाणं उडवून छापा पडला तरच तो जागा होतो. पण 'स्विच' नावाचा पत्ता टाकून त्याला बाकावर नेता येतं. पोरांना ही लबाडी वाटते. मला नाही वाटली. राष्ट्रीय बचत पत्र मुदतीआधी मनात आलं म्हणून मोडता येत नाही, पण तेच पत्र बँकेत तारण ठेवून कर्ज काढता येतं. एक दार बंद आहे याचा अर्थ घराला दुसरं दारच नाही असा होत नाही. फक्त ते दार नियमात लिहिलेलं हवं.

आता जुगार. मास्तर, तुम्ही आणि मी एका आळीत वाढलो. दिवाळीच्या रात्री कोणाच्या माडीवर तीन पत्ती चालायची आणि सकाळी कोणाच्या घरात रडारड असायची, हे मी इथं नावानिशी लिहिणार नाही. मी दहा वर्षांचा असताना मेंढीकोट खेळताना सापडलो म्हणून वडिलांनी मला छडीनं फोडलं आणि त्याच संध्याकाळी स्वतः माडीवर गेले. त्यांचा राग नाही मला, पण तेव्हापासून 'पत्ते वाईट' या वाक्यावर विश्वास राहिला नाही. मेंढीकोटनंच मला पहिल्यांदा शिकवलं की हुकमाची दुर्री परक्या रंगाच्या एक्क्याला मारते.

1867 चा जुगारबंदीचा कायदासुद्धा नुसत्या कौशल्याच्या खेळाला लागू होत नाही. रमीत पत्ते नशिबानं येतात, तरी ती मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असं सर्वोच्च न्यायालयानं 1967 साली आंध्र प्रदेशच्या सत्यनारायण खटल्यात म्हटलं. पोकेमॉनमध्ये तर डावावर काही लागतच नाही. 'प्राइझ' म्हणून सहा पत्ते बाजूला ठेवतात ते ऐकून आपण दचकतो. ते ज्याचे त्याचे असतात! आपल्याच 60 पत्त्यांच्या गड्डीतले सहा पत्ते आपणच उलटे ठेवायचे आणि समोरच्याचा प्राणी पाडला की आपलाच एक उचलून हातात घ्यायचा. डाव संपला की दोघं आपापली गड्डी घेऊन घरी जातात. कोणाचं काही कोणाकडं जात नाही.

समोरच्याचा पत्ता जिंकून न्यायचा खेळ आहे तो आपल्या पोरांनी काढलेला, आकडा मोठा तो जिंकला. तो जुगारच, आणि तो झाला कारण खरा नियम त्यांना कोणी वाचून दाखवला नाही. बाजारातला जो सोनेरी डबा मी उघडून पाहिला, त्यात एकही एनर्जीचा पत्ता नव्हता. एनर्जी लावल्याशिवाय सहसा हल्लाच करता येत नाही. म्हणजे त्या डब्यावर खरा खेळ सुरूच होऊ शकत नाही, मोठे आकडे तेवढे चकाकतात. तो डबा चुलीत घातला असता तर मीही काडी दिली असती. (प्लास्टिक होतं, वास मारला असता, ते वेगळं.)

एक गोष्ट मी विरोधकांची मान्य करतो, निम्मी नाही, पूर्ण. बंद पाकिटात काय निघेल हे माहीत नसताना पाकिटावर पाकीट घेणं, ही सोडत आहे. भारी पत्ता निघेल, विकून पैसे होतील, या आशेनं मोठी माणसंही नादी लागली आहेत. बापानं तिथं हात आखडावा. तयार गड्डी एकदा घेऊन द्यावी आणि पाकीट बंद. पण हे सांगायला आधी बापाला गड्डी आणि पाकीट यांतला फरक कळायला हवा, आणि त्यासाठी पोराजवळ अर्धा तास बसायला हवं. चूल पेटवायला दोन मिनिटं पुरतात.

आता सौंसरचं. 1988 सालची गोष्ट आहे, तिथल्या एका शाखेत मी कर्जविभाग पाहत होतो. एक संत्रावाला शेतकरी चुलतभावाच्या मोटारपंपाच्या कर्जाला जामीन राहायला आला. माणूस निरक्षर नव्हता. रोज पोथी वाचणारा, अक्षर मोत्यासारखं. पण कागद इंग्रजीत, मागं हिंदी, आणि 1956 साली छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिल्यापासून आपल्या लोकांचं मराठी घरात आणि कागद परक्या भाषेत, हे ठरलेलंच. त्यानं विचारलं, "साहेब, काय लिहिलं आहे यात?" बाहेर रांग होती. मी म्हणालो, "नावाला सही आहे हो." आणि बोट ठेवत गेलो. इथं, इथं, इथं.

भारतीय करार अधिनियम 1872, कलम 128. करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. बाग वाळली, चुलतभाऊ हप्ते भरेना, नोटीस याला गेली. तो नोटीस घेऊन माझ्या टेबलाशी आला आणि एवढंच म्हणाला, "तुम्ही नावाला म्हणले होते." मी म्हटलं होतं. पोळ्याच्या आधीच्या बाजारात त्यानं बैलजोडी विकली. त्या वर्षी त्याच्या दारातून पोळ्याला बैल निघाले नाहीत. रक्कम वसूल झाली म्हणून माझ्या गोपनीय अहवालात चांगला शेरा आला.

तेव्हा कोणी मला सांगू नये की पोरांनी बारीक अक्षरं वाचणं हा रिकामा उद्योग आहे. त्या माणसाला वाचता येत होतं. त्याला थांबून, अडून, "हे काय आहे ते सांगितल्याशिवाय पुढचं पान उलटू नका" म्हणायची सवय नव्हती, आणि माझ्यासारख्याला ते ऐकून घ्यायची. हे सहावीतलं पोरगं तेच करत होतं. रॅब्स्काच्या 'आणि'पाशी सगळा डाव थांबवून ते म्हणालं, पुन्हा वाचू द्या.

पोळ्याचा विषय निघालाच आहे तर तेही बोलून टाकतो, राग आला तरी चालेल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपलं गाव काय करतं? जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतो आणि पांढुर्णा एका काठावरून, सावरगाव दुसऱ्या काठावरून दगड मारतो. दरवर्षी डोकी फुटतात, माणसंही गेली आहेत. प्रशासनानं रबरी चेंडू देऊन पाहिले, आपण दगडच उचलले. मी लहानपणी खांद्यावर बसून गोटमार पाहिली आहे, चंडीमातेच्या नावानं माझेही हात जुळतात, ती परंपरा मी इथं मोडीत काढत नाही. पण ज्या गावाला ती चालते त्या गावानं कागदाच्या प्राण्याला कागदाचाच प्राणी झोपवतो म्हणून "हिंसा शिकवते" असं लिहावं? त्या 32 जणांत किमान पाच जण मी नदीकाठी पाहिलेले आहेत.

परक्या देशाचा खेळ, हाही एक आक्षेप आला. खेळ जपानचा आहे, 1996 चा. क्रिकेट कुठल्या गावचं हो?

त्या पोराच्या वडिलांना मी जाऊन भेटलो. भांडायला नाही. त्यांनी चहा दिला. म्हणाले, "काकाजी, मले काय माहीत वहीत काय होतं. मी तं पत्तेच पाहिले." उघडून पाहिली नव्हती. मी त्यांना दोष देत नाही, दिवसभर गाडीवर माल भरणारा माणूस, संध्याकाळी पोरगं अभ्यासाच्या जागी चित्रं मांडून बसलेलं दिसतं. पण ग्रुपवर टाळ्या वाजवणारे तुम्ही-आम्ही पेन्शनवाले, आपल्याला कुठं माल भरायचा होता? एकानं तरी विचारलं का, की वही कसली होती?

त्यांनी अजून परवानगी दिलेली नाही. पोरगं दुरून नमस्कार करतं आणि जातं.

मी मात्र बसलो आहे. नातवाला फोन करून पत्त्यांचे फोटो मागवले आणि आठवेल तशी ती वही पुन्हा उतरवतो आहे. जुन्या लेजरचा कोरा भाग आहे, त्यात खाती पाडली आहेत. 60 पत्ते झाले पाहिजेत, कमी नाही, जास्त नाही. एका नावाचे चारच, साधी एनर्जी सोडून. ज्याची पहिली पाळी त्याला त्या पाळीत हल्ला नाही. विष आणि भाजणं एकदम लागू शकतं, पण झोप, लकवा आणि गोंधळ यांतलं शेवटी आलेलं एकच टिकतं. गड्डी संपली आणि पाळीच्या सुरुवातीला उचलायला पत्ता नसला तर हरलात. हे सगळं त्याच्या शब्दांत आहे, माझ्या नाही. 'मार' आणि 'डाग' तसेच ठेवले आहेत.

एका शब्दाला अडलो आहे. रॅब्स्काच्या पत्त्यावर डॅमेजनंतर जो 'इफेक्ट' येतो, त्याला त्यानं काय लिहिलं होतं ते आठवत नाही. मी आधी 'परिणाम' लिहिलं, पण ते शाळेच्या निकालासारखं वाटतं. 'असर' म्हटलं तर हिंदी आहे अशी ओरड होईल, जरी आपण सगळे घरात औषधाचा असरच म्हणतो. औषधाला 'गुण' येतो, तो शब्द घेतला तर वाईट परिणामालाही गुण म्हणावं लागेल. कोणाला आपल्याकडचा नेमका शब्द सुचला तर खाली लिहा. रविवारी चार वाजता मी ओट्यावर असतो, सौंसरचा पुतण्याचा मुलगा येणार आहे, आणखी कोणाची पोरं असतील तर पाठवा. सोनेरी डबे घरी ठेवून या.